आमच्या घरच्या मांजरांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि एकदाच दिलेली उत्तरं)

डोंबिवली सोडून आम्ही दोघं सासरच्या घरी, कुडाळपासून 14 किलोमीटरवरच्या गावात राहायला आलो त्याला आता सहा वर्षं झाली. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी येतात, एरवीही कुणी ना कुणी वाट वाकडी करून येतंच. आमची तब्येत कशी आहे हे कुणी विचारत नाही. सगळे मांजरांबद्दल विचारतात. तीच उत्तरं देऊन माझा घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. आल्यावर आधी हे वाचा, मग चहा मिळेल.

एकूण मांजरं किती आहेत?

शिरगणतीला चार, पानं वाढल्यावर सात.

घरची म्हणाल तर अशी: काकूबाई, ही पांढरा-काळा-पिवळा अशा तीन रंगांची कबरी भाटी (म्हणजे मांजरी), वयाने आणि मानाने थोरली. तलाठी, हा पिवळा बोका. सुकट, काळी आणि काटकुळी. आणि बारक्या, जो जन्मला तेव्हा बारका होता आणि आता साडेपाच किलोचा आहे. याखेरीज पावणा नावाचा एक करडा बोका गडग्यावरून उडी मारून जेवायला येतो आणि जाताना न्हाणीच्या दारावर फवारा मारून जातो. सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही, पण 'इतर हक्क' या रकान्यात त्याला बसवावं लागेल अशी परिस्थिती आहे.

बोक्याचं नाव तलाठी का?

वाडीतल्या प्रत्येक घराची तो स्वतः जाऊन पाहणी करतो, कुणाच्या चुलीवर काय शिजतंय याची नोंद ठेवतो, आणि आपल्याला काम असलं की जागेवर सापडत नाही. मध्यंतरी सरकारने तलाठ्याचं पदनाम बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. आम्हीही तशी हाक मारून पाहिली. ओ दिली नाही. जुन्या नावालाही देत नाही म्हणा.

ही आरामखुर्ची रिकामी दिसते, बसू का?

रिकामी नाही. नीट बघा, गादीच्या घडीत काळं काहीतरी आहे. ती सुकट.

या घरात कूळकायदा लागू आहे. 1948 साली तो कायदा आला, 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि जमीन कसणारं कूळ मालक झालं. आमच्याकडे 'बसेल त्याची खुर्ची' असं वाचायचं. आरामखुर्ची आजेसासऱ्यांची, शिसवी. आमच्या ह्यांनी ती पॉलिश करून घेतली, नवीन वेत लावून घेतला आणि त्यानंतर तीत एकूण चार वेळा बसले. आता ते ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात आणि 'हवा इथेच छान लागते' असं सांगतात.

उंदीर धरतात का, की नुसतीच खातात?

हा प्रश्न पुरुष पाहुणे विचारतात, आणि तोही हिशेबनीसाच्या चेहऱ्याने. धरतात. आम्ही आलो तेव्हा भाताच्या कणगीला खालून भोक होतं आणि पोटमाळ्यावर रात्रभर धावण्याच्या शर्यती चालत. काकूबाई आली आणि दोन महिन्यांत माळा शांत झाला. कोकणात पावसाळ्यात लेप्टोच्या तापाची धास्ती असते, तो जिवाणू उंदराच्या मुतातून पाण्यात उतरतो, तेव्हा ही सेवा मी कमी लेखणार नाही.

पण सेवेची पद्धत त्यांची. काकूबाई उंदीर धरते, मारते आणि जेमतेम शेपूट उरवते. सुकट उंदीर जिवंत आणते, माजघरात सोडते आणि आमच्याकडे बघत बसते. आता तुमची पाळी, अशा नजरेने. ह्यांनी केरसुणी घेऊन धावायचं, मी खाटेवर चढायचं, आणि सुकटने पंजा चाटत आमचं काम तपासायचं. चिचुंद्री मात्र मारून टाकतात आणि खात नाहीत, कारण तिचा वास. ती बरोबर उंबऱ्यावर ठेवतात, पहाटे अनवाणी बाहेर पडणाऱ्याच्या पायाखाली येईल अशा बेताने. घूस दिसली की तलाठी तोंड फिरवतो आणि एखादं महत्त्वाचं काम आठवल्यासारखा परड्यात, म्हणजे घरामागच्या बागेत, निघून जातो. घूस त्याच्याएवढीच असते, त्यामुळे मी त्याला दोष देत नाही.

पोटभर खायला घातलं तर ती उंदीर कशाला धरतील?

हा माझ्या सासूबाईंचा प्रश्न. त्यांचं वय 86 आणि आवाज 26 चा. "माजराक पोटभर घातलंस तर तां उंदीर कित्याक धरतलां?" त्यांच्या माहेरी मांजराला सांडलेलं, उरलेलं, एवढंच मिळे.

पण मांजराचं शिकार करणं भुकेवर चालत नाही. पोट भरलेलं असलं तरी समोर काही सळसळलं की त्याचे डोळे मोठे होतात आणि मागचा भाग हलायला लागतो. उपाशी मांजर उलट शेजारच्या घरात शिरतं, आणि मग तक्रारी आपल्याकडे येतात. शिवाय नुसत्या भातावर मांजर जगत नाही. टॉरिन नावाचा एक घटक त्याला मांसमच्छीतूनच मिळतो. तो नाही मिळाला तर डोळे आणि हृदय दोन्ही खराब होतात. सासूबाईंना मी हे सविस्तर समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, "होय काय" म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी स्वतःच्या ताटातलं बांगड्याचं डोकं काकूबाईला घातलं. टॉरिनसाठी असावं.

मांजराला दूध देत नाही? हे कसलं मांजर पाळणं?

मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. आवडतं, पण पचत नाही, आणि त्याचा निकाल न्हाणीमागे लागतो, किंवा सतरंजीवर. म्हणून देत नाही. ती घेतात, ही गोष्ट वेगळी.

आमच्या स्वयंपाकघरात अजून शिंकं आहे. 'शिंकं तुटलं, बोक्याचं फावलं' ही म्हण ज्याने केली त्याने सभ्य बोके पाहिले असावेत. आमचं शिंकं एकदाही तुटलेलं नाही. तलाठी फळीवरून खिडकीच्या गजावर, गजावरून वाशाला लोंबकळून शिंक्याला झोका देतो. तिसऱ्या-चौथ्या झोक्याला सायीचं भांडं कलंडतं, आणि खाली काकूबाई आधीच बसलेली असते. ही भागीदारी आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत दोन महिने मी सासूबाईंवर संशय घेत होते. त्या माझ्यावर घेत होत्या.

मासेवाली आली की एवढी धावपळ का होते?

सकाळी नऊच्या सुमारास दोन भोंगे वाजतात. एक पाववाल्याचा, एक मासेवालीच्या स्कूटरचा. मला आजही दोन्ही सारखेच ऐकू येतात. मांजरांना नाही. पाववाला आला तर एकही कान हलत नाही. मासेवाली अजून पाणंदीच्या तोंडाशी असते तेव्हाच चौघंही खळ्यात तुळशीपाशी ओळीने बसलेली असतात, दर्शनाच्या रांगेसारखी.

पहिल्या वर्षी आमचं तिच्याशी भांडण झालं होतं. तिने केळीच्या पानावर बांगड्यांचे वाटे मांडले, सहाचा एक. मी पैसे आणायला आत गेले, बाहेर येते तो वाट्यात पाच. मी म्हटलं, मावशी, एक कमी आहे. ती म्हणाली मी मोजून लावले. आवाज चढले. इतक्यात विहिरीपलीकडून शेजारच्या काकींची आरोळी आली, "अगो, तुमच्या बोक्यान बांगडो व्हरल्यान!" तलाठी रहाटाच्या कट्ट्यावर बसून शेपटीकडून सुरुवात करत होता. तेव्हापासून मावशी सहाच्या वाट्यावर एक तारली वेगळी फेकते, 'त्याचो हप्तो' म्हणून, आणि मग निर्धास्तपणे बाकीचे मासे मांडते. मी याला खंडणी म्हणते. ती धंदा म्हणते.

खरा कठीण काळ पावसाळ्याचा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत, म्हणजे 61 दिवस, किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला. हे मांजरांना पटवून देता येत नाही. पहिले आठ दिवस ती नऊ वाजता तुळशीपाशी बसतात. मग आमच्याकडे बघतात. मग आमच्यावर संशय घेतात. त्या दोन महिन्यांसाठी मी मेमध्येच सुकट (मासळी, मांजर नव्हे), गोलमो म्हणजे सुका जवळा आणि बोंबील भरून ठेवते, झाकणावर वरवंटा ठेवून. वरवंटा पडल्याचा आवाज ऐकला की घरातलं कुणीही आता उठत नाही.

या साठावर हे ठसे कसले?

पंजाचे. मे महिन्यात आमच्या खळ्यात वाळवणं असतात. फणसाची साठं, आंब्याची साठं (म्हणजे वाळवलेल्या रसाच्या पोळ्या), सोलं, सांडगे, कुळीथ. सुपात काहीही वाळत घाला, दहाव्या मिनिटाला त्यात एक मांजर वाळत असतं. उन्हाने तापलेलं सूप त्यांना गादीसारखं. साठ मात्र चिकट, त्यावर झोपता येत नाही, त्यामुळे ते फक्त ओलांडलं जातं, तेही तिरकं, म्हणजे जास्तीत जास्त भाग व्यापला जावा. आम्ही ठशांचे तुकडे कापून बाजूला काढतो आणि ते आपण खातो. तुम्हाला मुंबईला पाठवलेले डबे स्वच्छ भागातले होते. बहुतेक.

गणपतीत मांजरं कुठे ठेवता?

हा प्रश्न आम्हाला पहिल्या वर्षी कुणीतरी विचारायला हवा होता.

गणपती आले, मूर्तीवर टांगायची माटवी सजली, कवंडाळं (रानवेलीची फळं), आंब्याचे टाळे, सुपाऱ्यांचे घड सगळं टांगून झालं. टांगलेलं आणि हलणारं! बारक्या तेव्हा पाच महिन्यांचा होता. त्याने दीड तासात तीन कवंडाळं उतरवली. ते आम्ही हसण्यावारी नेलं. आरतीला सगळी भावकी जमली, 'सुखकर्ता' सुरू झालं, आणि ह्यांचं लक्ष मूर्तीच्या पायाशी गेलं. मोदकाकडे तोंड करून बसलेला शाडूचा उंदीर, आणि त्याच्यामागे चौरंगाखाली दबा धरलेली काकूबाई, मागचा भाग हलवत. घंटा वाजवता वाजवता ह्यांनी पायाने तिला मागे सारलं. तिने झेप घेतलीच. उंदीर तोंडात धरून ती पडवीतून परड्यात गेली, आणि आमची आरती एका ओळीवर अडकून तिथेच गोल गोल फिरत राहिली, कारण म्हणणारे अर्धे बाहेर धावले होते.

उंदीर सापडला, कानाला टवका उडालेला. भटजींनी शांतपणे तो परत जागेवर ठेवला. सासूबाईंचा निकाल असा की देवाच्या वाहनाला मांजराने नुसतं उचललं, खाल्लं नाही, म्हणजे तिला कळलं असणार. मला वाटतं तिला माती लागली.

जाता जाता, मोदक. मांजराला गोड चव कळतच नाही, तिच्या जिभेवर ती ओळखणारी सोय नाही. तरीही मोदकांवर हल्ला होतो, तो तुपासाठी. चाटून स्वच्छ केलेले, आकाराने शाबूत असे सात मोदक आम्हाला एकदा मिळाले होते. ते कुणी खाल्ले हे विचारू नका.

हल्ली पाच दिवस मांजरं मांगरात, म्हणजे परड्यातल्या खोपटात, सकाळ-संध्याकाळ सुट्टी.

मांजर आडवं गेलं तर काय करायचं?

आमच्या घरात दिवसाला साठ वेळा जातं. अडखळून पडू नका, एवढंच.

सापाबिपाची भीती नाही वाटत?

वाटते. आमचा भाग कातळाचा, आणि कातळावर फुरसं असतं. वीतभर-दोन वीत लांब, दगडाच्या रंगाचं. वेटोळ्याला वेटोळं घासून करवतीसारखा आवाज करतं. मांजरं सापाशी खेळतात, आणि हाच खरा त्रास, कारण खेळून झालं की घरी आणतात. एका रात्री सुकटने माजघरात काहीतरी आणून टाकलं. मी उंदीर समजून खाटेवर चढले. बॅटरी लावली तर ते सरपटलं. दार लावून घेतलं, फटीला पंचा दाबला, सर्पमित्राला फोन केला. नानेटी निघाली, साधी बिनविषारी. तो मुलगा हातावर घेऊन दाखवत होता आणि सुकट त्याच्याकडे, आपली वस्तू दुसऱ्याने उचलल्यासारखी बघत होती.

विनोद बाजूला ठेवून सांगते: मांजराच्या तोंडातला साप सोडवायला जाऊ नका. मेल्यासारखा दिसला तरी हात लावू नका. आणि माणसाला चावलाच तर मंत्र-बिंत्र न करता सरळ सरकारी रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चालणारी प्रतिविषाची लस एकच आहे.

बिबट्या?

येतो. म्हणून सातच्या आत मांजरं घरात. पावण्याला हे मान्य नाही, त्याच्या जबाबदारीवर.

वरून पाणी का गळतंय?

कारण तुम्ही पावणा आणि तलाठी यांच्या रणांगणाखाली बसला आहात. आमचं छप्पर मंगळुरी कौलांचं. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे ही कौलं पार कोकणभर पसरली. एकात एक अडकणारी, वाऱ्याला दाद न देणारी. दोन बोक्यांच्या मारामारीचा विचार मात्र त्यांनी केलेला दिसत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत भाट्या माजावर आल्या की रात्री दोन वाजता कौलांवर आधी लांबलचक आलाप होतात, लहान मूल रडावं तसे. मग एकदम खडाखड. सकाळी चार-पाच कौलं सरकलेली. ती आपल्याला तेव्हा कळत नाहीत. ती मृग लागला की कळतात, गादीवर.

दरवर्षी मेअखेरीस गडी चढवून कौलं परतून घ्यावी लागतात. गड्याच्या मागोमाग तलाठीही वर जातो आणि पन्हळीवर बसून देखरेख करतो. गेल्या वर्षी गड्याने खाली उतरून मजुरी मागताना त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्याचे येगळे काय?"

पिल्लं सात घरं फिरतात म्हणतात, खरं का?

सात कमी आहेत. काकूबाईच्या शेवटच्या वेताची नोंद माझ्याकडे आहे. पिल्लं झाली मांगरात, गवतावर. तिसऱ्या दिवशी मानगुटीला धरून एकेक करत कणगीमागे. तिथून सासूबाईंच्या खाटेखालच्या पेटीमागे. तिथून पोटमाळ्यावर, मोडक्या पाळण्यात, ज्यात आमचे हे स्वतः लहानपणी झोपले होते. हे बघून त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी फोटो काढला, फ्लॅश उडाला, आणि तासाभरात पिल्लं गायब. दोन दिवस शोधलं. शेवटी कपाट उघडलं तर माझ्या लग्नातल्या पैठणीवर चार पिल्लं आणि त्यांची आई, मोराच्या पदरावर आडवी. दार नीट लागत नाही हे मी ह्यांना वर्षभर सांगत होते.

भाटी जागा बदलते ती बोक्यांपासून आणि वासावरून माग काढणाऱ्या जनावरांपासून पिल्लं वाचवायला. पैठणीचा वास कोणत्या जनावराला येत नाही, हे तिने कसं ठरवलं ते तीच जाणे.

मग ऑपरेशन करून का घेत नाही?

घेतलं. सगळ्यांचं, त्या पैठणीनंतर. मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवड्यांत भरतात. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि तिची पिल्ली पाच-सहा महिन्यांची झाली की तीही रांगेत. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे मी भावकीत सांगायला नको होतं. त्यावर ओट्यावर झालेली चर्चा इथे लिहिण्यासारखी नाही.

तलाठ्याच्या ऑपरेशनला गावातल्या पुरुषांचा विरोध होता. 'कशाक बिचाऱ्याक' असं म्हणत तीन जण घरी येऊन गेले. बायकांपैकी कुणी आलं नाही. आता पावणा तेवढा उरलाय. पिंजरा लावला होता. आतला बांगडा गेला, दार पडलं, आत बारक्या सापडला.

बोका पिवळा आणि भाटी कबरी, हे ठरवून घेतलंत का?

नाही, ते वरूनच ठरून येतं. पिवळ्या रंगाचं जनुक एक्स या गुणसूत्रावर बसलेलं असतं. नराला ते गुणसूत्र एकच मिळतं, म्हणून तो पिवळा किंवा काळा. मादीला दोन, म्हणून तिच्यात दोन्ही रंग उमटू शकतात. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असतं. पुढच्या वेळी कबऱ्या मांजराला 'काय रे बाळा' म्हणण्याआधी हे आठवा.

बेणणी करताना मांजरं वेडी का होतात?

परड्यात खोकली नावाचं तण उगवतं, काही जण त्याला कुप्पी म्हणतात. ते उपटलं की मुळांच्या वासाने मांजरं त्यावर लोळतात, अंग घासतात, लाळ गाळतात. काकूबाईसारखी प्रौढ बाई त्या मातीत उताणी पडून चारही पाय हवेत धरते. दहा मिनिटांत नशा उतरते. मग ती उठते, इकडेतिकडे बघते आणि पाहणाऱ्यांवर रागावून निघून जाते.

आजारी पडली तर घरातलं औषध चालतं का?

नाही. तापाची आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे, अर्धीसुद्धा नाही. कुत्र्याच्या गोचिडांवरची पर्मेथ्रिनवाली औषधंही मांजराच्या अंगावर घालायची नाहीत. कांदा-लसूण नको. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की आणि मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. मांजरानेही रेबीज होतो. चावलं किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. हळद भरून बसायचं नाही.

एखादं मांजर मुंबईला न्यायला मिळेल का?

बारक्या न्या. खरंच न्या.

एकदा दिला होता. ह्यांच्या चुलतभावाने खाडीपलीकडे नेला, झाकणाच्या टोपलीतून. तिसऱ्या दिवशी पहाटे दारात ओरडत होता, अंगाला चिखल, पोट मात्र टम्म. खाडीवर पूल आहे, पण वाटेत कुणाकुणाकडे जेवला हे अजून कळतं आहे. परवाच बाजारात एका अनोळखी बाईने मला थांबवून विचारलं, "तुमचोच काय तो?" मी नाही म्हटलं.

येताना काय आणू?

सुका जवळा, अर्धा किलो, चांगला कडक वाळलेला. घट्ट झाकणाच्या डब्यात. पिशवी पडवीत ठेवून हातपाय धुवायला जाऊ नका, आधी आत आणून माझ्या हातात द्या.